चार अक्षरी, अकरा अक्षरी

जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९चा कायदा एका बाबतीत फार समजूतदार आहे. जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची, पण नावाचा रकाना तेव्हा कोरा राहिला तरी चालतं. पुढे बारा महिन्यांपर्यंत नाव फुकट भरता येतं आणि त्यानंतर विलंबशुल्क देऊन पंधरा वर्षांपर्यंत. कायदा लिहिणाऱ्यांच्या घरीही एखादी आत्या असणार, एवढंच मी म्हणेन.

आमच्या घरचा रकाना अजून कोरा आहे. बाळ माझा नातू. त्याच्या बापाला, म्हणजे माझ्या मुलाला, त्याचं नाव 'विश्वंभर' ठेवायचंय. माझी धाकटी बहीण सातारा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी, एका माध्यमिक शाळेत लिपिक होती. नोकरीची सगळी वर्षं तिनं जनरल रजिस्टरात पोरांची नावं उतरवली आणि शाळा सोडल्याचे दाखले लिहिले. तिचा विश्वंभरला विरोध आहे. रीतीप्रमाणे म्हाताऱ्यांनी जुनं नाव मागायचं आणि तरुणांनी नाकं मुरडायची. आमच्याकडे गाडी उलटी लागली आहे. सूनबाई बाळंतपणाला माहेरी आहेत, त्यामुळे दोघांना भांडायला घर मोकळं. आजोबांनी मत द्यायचं नाही असं ठरलेलं असल्यानं मी नुसता ऐकत होतो. कंसातलं तेवढं माझं.

आत्या : मुलाचं नाव ठेवतोयस की सहकारी साखर कारखान्याचं?

भाचा : एकदा म्हणून तर बघ. विश्वंभर. कसं तोंड भरून येतं.

आत्या : तुझं भरेल. कानात मला सांगायचंय. कुर्र करून एवढं मोठं नाव सांगेपर्यंत पोर रडायला लागेल.

(माझ्या मुलाला सख्खी बहीण नाही. त्यामुळे बाळाच्या कानात नाव सांगायचा मान पिढी ओलांडून आत्याआजीकडे आलाय. हा मान ती हत्यारासारखा वापरते आहे.)

भाचा : मग तुझ्या मनात काय आहे?

आत्या : रोहिणीचा तिसरा चरण, 'वी' आलंय ना? विनय ठेव, विजय ठेव. तुझ्या सासूबाई विहान म्हणतात, ते ठेव. गॅलरीतून हाक मारली तर खालच्या पोराला ऐकू गेल्याशी मतलब.

भाचा : विहान नको. आमच्या सोसायटीत विहान दोन, विवान एक, अथर्व तर इतके की त्यांना इमारतीच्या अक्षरानं ओळखतात. बी विंगचा अथर्व, डी विंगचा अथर्व. मी हे भोगलंय. वर्गात माझ्या नावाचे चौघं होतो. सर माझं नाव पुकारायचे आणि चौघंही ढिम्म, कारण प्रत्येकाला वाटायचं दुसऱ्याला विचारलंय.

आत्या : फायदाच झाला की मग.

(हे नाव मी ठेवलं होतं. चांगलं आहे. त्या वर्षी सगळ्यांनाच ते चांगलं वाटलं, त्याला मी काय करणार. आणि रोहिणीवर जन्मलेल्यांनी तक्रार करू नये. हस्त नक्षत्राला पू, ष, ण, ठ येतात, आर्द्रेला कु, घ, ङ, छ. 'ण'वरून किंवा 'ङ'वरून काय ठेवणार? अशा पोरांचं एक नाव पत्रिकेत आणि दुसरं पाळण्यात, ही तोड आपल्याकडे जुनीच.)

आत्या : नाव काय वाईट नाही रे. पांडुरंग तरी कुठे वाईट होतं? त्याचा पांडू झाला आणि पांडूचा हवालदार झाला. आमच्या शाळेत ज्ञानेश्वर नावाची पोरं दर वर्षी यायची. हजेरीत ज्ञानेश्वर, मैदानावर माऊली किंवा ज्ञान्या. मोठं नाव मैदानापर्यंत पोचतच नाही. वाटेतच त्याचे तुकडे होतात, आणि कुठला तुकडा उरणार हे आईबाप ठरवत नाहीत, पोरं ठरवतात. तुझ्या विश्वंभरचा विश्या होणार.

भाचा : विहानचा काय होणार मग? विहान्याच. 'या' लागल्याशिवाय मराठी मुलगा मोठा होत नाही.

आत्या : विहान्यातला विहान शाबूत राहतो. विश्यातला विश्वंभर कुठे राहिला?

भाचा : दहावीच्या प्रमाणपत्रावर.

आत्या : तिथलं मला सांगू नकोस. तिथली मी जाणकार. ज्ञानेश्वरचं इंग्रजी स्पेलिंग कोण डी-एन-वाय असं करतो, कोण जी-वाय. शाळेत एक, आधारला दुसरं, बँकेत तिसरं. मग तो पंचविशीचा बाप्या माझ्या टेबलासमोर येऊन उभा, बाई दाखल्यावर दुरुस्ती करून द्या, पासपोर्ट अडलाय. अरे, स्पेलिंग आईबाप ठरवत नसतात. पहिल्यांदा जो टाइप करतो तो ठरवतो. विश्वंभरमध्ये त्याला चुकायला जागा किती आहेत बघ. व्ही की डब्ल्यू, एम की एन, बी की बीएच.

भाचा : म्हणजे भांडण इंग्रजीशी आहे. मराठीत मोज ना. वि, श्वं, भ, र. चार अक्षरं. तुझा विनय तीन. एका अक्षरासाठी साखर कारखाना काढलास.

आत्या : आणि इंग्रजीत?

भाचा : अकरा.

आत्या : अकरा!

भाचा : ज्ञानेश्वरही डी-एन-वायनं लिहिलं तर अकराच. माणूस सोळाव्या वर्षी ज्ञानेश्वरी सांगून गेला, त्याचं काही अडलं नाही.

आत्या : त्याला पासपोर्ट लागत नव्हता.

(दोघांनी इथं चहा घेतला. मला वाटतं, लांब नावाचं भय गेल्या पन्नाससाठ वर्षांतलं आणि बरंचसं रोमन लिपीतूनच आलेलं. देवनागरीत जोडाक्षर एका घरात बसतं, इंग्रजी फॉर्मवर तेच चारपाच चौकोन खातं. माझ्या पिढीत अनिल, सुनील, विजय, संजय आले ते नोकरीच्या अर्जांबरोबरच आले, असा माझा अंदाज आहे. पुरावा मागू नये.)

भाचा : आता शास्त्राचं ऐक. पतंजलीनं महाभाष्याच्या सुरुवातीला व्याकरण का शिकावं याची कारणं दिली आहेत. त्यातलं एक कारण म्हणजे मुलाचं नाव ठेवता यावं. नाव दोन किंवा चार अक्षरांचं असावं, पहिलं अक्षर घोष असावं, मध्ये य-र-ल-वपैकी एखादं यावं, बापाच्या तीन पिढ्यांशी मेळ असावा. विश्वंभर मोजून बघ. चार अक्षरं, 'व' घोष, मध्ये 'श्वं'तला 'व'. आणि तुझे विनय, विजय, विहान तीन-तीन अक्षरांचे. सगळे बाद.

आत्या : दोन किंवा चार म्हणाला ना तो?

भाचा : हो.

आत्या : मग हरी ठेव. राम ठेव. चारचं तू निवडलंस, नाव पतंजलीचं पुढे करतोस. आणि मुलींचं काय लिहिलंय?

भाचा : गृह्यसूत्रात मुलींचं नाव विषम अक्षरांचं सांगितलंय. मनुस्मृतीत म्हटलंय की बायकांचं नाव उच्चारायला सोपं असावं.

आत्या : सोपं असावंच. घरात दिवसभर हाका तिलाच मारायच्या असतात. पुरुषाचं नाव कठीण असलं तरी चालतं, त्याला कोण हाक मारतंय? बायको तर नावच घेत नव्हती.

(इथं भाचा गप्प झाला. मीही वर्तमानपत्रात पाहिलं. आत्यानं मात्र मुद्दा सोडला नाही.)

आत्या : तुझी आजी तिच्या सासऱ्यांचं नाव तोंडातून काढत नसे. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत, आणि घरातल्या सुनेला ते नाव घ्यायची बंदी. पोराला हाक कशी मारायची? म्हणून तर घराघरात नाना, आबा, बापू, अण्णा झाले. पाळण्यात कागदावरचं नाव, स्वयंपाकघरात वेगळंच. पेशव्यांचं बघ. बाळाजी विश्वनाथांचा मुलगा बाजीराव, त्यांचा मुलगा पुन्हा बाळाजी. आणि जगाला माहीत कोण, तर नानासाहेब. रघुनाथरावांचा राघोबा झाला, तेवढ्यानं भागेना म्हणून पुढे दादा. तिकडे रत्नागिरीत टिळकांचं नाव ठेवलं केशव. केशव गंगाधर टिळक म्हणून कोण ओळखतं? घरात बाळ म्हणत, तो लोकमान्य झाला तरी बाळच राहिला.

भाचा : मग माझंच म्हणणं पुढे नेतेयस तू. कागदावर मोठं राहू दे, हाक घरातली घर ठरवेल. विश्वंभरच चैतन्य महाप्रभूंचं जन्मनाव होतं, माहितेय? बंगालात. घरी त्यांना निमाई म्हणायचे. पुढे संन्यास घेतला तेव्हा तिसरं नाव आलं. मोठ्या नावानं त्यांची कुठे अडवणूक केली?

आत्या : तेच सांगतेय, अडवणूक करत नाही कारण वापरात येत नाही. वापरात येणार नाही ते ठेवायचं कशाला? पितळी घंगाळासारखं माळ्यावर ठेवायला?

भाचा : देहूचे विश्वंभरबुवा आठव. तुकोबांच्या घराण्याचा मूळ पुरुष. विठ्ठल देहूत आणला तो त्यांनी, असं वारकरी सांगतात. तीन पिढ्यांचा मेळ आपल्या घराण्याशी नसेल, पण आपल्या माणसांशी आहे.

आत्या : आणि तुकाराम स्वतःला काय म्हणवतात?

भाचा : तुका.

आत्या : दोन अक्षरं. माझं काम झालं.

भाचा : विश्वंभरपासून तुक्यापर्यंत यायला कित्येक पिढ्या लागल्या, आत्या. तू बारशालाच तुका करायला निघालीस.

(हा घाव चांगला होता. आत्यानंही मान डोलावली. ती भांडते, पण दाद देण्यात कंजूष नाही.)

आत्या : बरं, माझं ऐक. माझं लग्न झालं तेव्हा तांदळाच्या ताटात अंगठीनं माझं नवीन नाव लिहिलं. कुणी विचारलं नाही. नाव चांगलं होतं, सासूबाईंनी हौसेनं निवडलेलं. त्या दिवसापासून ते रेशनकार्डावर, पगारपत्रकात, पेन्शनच्या कागदावर. माहेरचं नाव आता तुझा बाप घेतो, तेही चिडला तर. तुझ्यासारखा विचार माझ्याही आईबापांनी केला असेल. आईनं महिनाभर नाव शोधलं होतं, असं ती सांगायची. वीस वर्षं वापरलं आणि एका दुपारी पुसलं गेलं. म्हणून मला तुझी एवढी मोठी तयारी बघून हसू येतं. नाव टिकतं ते घेणारा कोणी असला तर. लांबी-रुंदीवर नाही.

भाचा : तुला ते परत हवं होतं?

आत्या : तेव्हा वाटलं नाही. नंतर वाटलं तोवर सगळी कागदपत्रं नव्यानं करावी लागली असती. राजपत्रात जाहिरात द्या, शपथपत्र करा. मी लिपिक होते रे, मला ठाऊक होतं किती टेबलं फिरावी लागतात. सोडून दिलं.

भाचा : मुलाचं नाव कुणी ताटात पुसणार नाही. म्हणून तर जरा मोठं ठेवायला हरकत नाही.

आत्या : हं. मुलाला मिळतंय म्हणून वापरून घ्या, असं म्हण सरळ.

भाचा : तसं नाही म्हणालो.

आत्या : तसंच आहे, पण मी तुला दोष देत नाही. आता तर आईचंही नाव घालायचंय ना मध्ये?

(आहे खरं. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळानं निर्णय घेतला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. पूर्वी बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आईचं नाव वेगळ्या ओळीत असे. आता ते नावातच येऊन बसलं.)

भाचा : ते मला फार आवडलं.

आत्या : मलाही आवडलं. पण हिशेब कर. आपलं आडनाव पाच अक्षरी. तुझं नाव, तिचं नाव, आणि पुढे तुझा अकरा डब्यांचा विश्वंभर. परीक्षेच्या अर्जावर लिहीपर्यंत घंटा होईल. तीन नावं मोठी असताना चौथ्यानं तरी लहान व्हावं की नाही?

भाचा : उलट बघ ना. पुढे त्याला मुलगी झाली तर तिच्या नावात तिसऱ्या जागी विश्वंभर येणार. म्हणजे आज ठेवलेलं नाव दोन पिढ्या चालणार. आपल्याकडे बापाचं नाव मधे घ्यायची रीत आहे म्हणून मुलाचं नाव जपून ठेवावं लागतं. आज गोंडस वाटतं म्हणून ठेवलं, आणि उद्या कुणा पन्नाशीच्या बाईच्या नावात मधोमध ते गोंडस नाव. विहान हा बाप म्हणून कसा वाटतो तुला?

आत्या : त्या वेळी सगळेच बाप विहान असतील. चालून जाईल.

(हा मुद्दा मला बिनतोड वाटला. 'दत्तात्रय' एके काळी बाळाचंच नाव होतं. ते आपल्याला जन्मजात काकांचं वाटतं, कारण आपण भेटलो तेव्हा ते काका झालेले होते.)

भाचा : आणि आद्याक्षरं? मराठीनं मोठ्या नावांची सोय आद्याक्षरांनी केली होती. पुरुषोत्तम लक्ष्मण म्हणजे पु. ल. चिंतामण विनायक म्हणजे चिं. वि. इंग्रजीसारखं नुसतं एक व्यंजन नाही, अख्खं अक्षर, कान्यामात्रेसकट. गोपाल नीलकंठ दांडेकरांचे गो. नी. झाले आणि गो. नी. हेच नाव होऊन बसलं. आरव, विहान असल्या नावांची आद्याक्षरं कोण करणार? ती आधीच संपलेली असतात. विश्वंभरचा 'वि.' होईल. वि. आणि पुढे जे काय असेल ते. पुस्तकाच्या पाठीवर शोभेल.

आत्या : तो पुस्तक लिहिणारच, हे ठरलंय वाटतं?

भाचा : पाटी तरी लावेल दारावर.

आत्या : शिरवाडकरांचं तुला माहीत आहे का? जन्मनाव गजानन रंगनाथ. दत्तक गेले, विष्णु वामन झाले. आणि महाराष्ट्र ओळखतो कुसुमाग्रज म्हणून, धाकट्या बहिणीच्या नावावरून. आईबापांनी ठेवलेलं एक, दत्तक घरानं दिलेलं दुसरं, आणि टिकलं ते स्वतः घेतलेलं. म्हणून म्हणते, मुलाला थोडी जागा ठेव. तुझं नाव इतकं भरीव आहे की त्याला स्वतःचं काही करायला उरत नाही.

भाचा : मला बरोबर उलटं वाटतं. दोन अक्षरी नावात काय निवडणार? विश्वंभरमध्ये विश्व आहे, विशू आहे, वि. आहे. आवडेल ते घेईल, बाकी सोडेल. आणि गावसकरांनी मुलाचं नाव काय ठेवलं माहितेय? रोहन जयविश्व. रोहन कन्हायवरून रोहन, जयसिंहावरून जय, विश्वनाथवरून विश्व. एका नावात तीन फलंदाज.

आत्या : आणि पोराला लोक काय म्हणतात?

भाचा : रोहन.

आत्या : बस्स. तीनपैकी एक फलंदाज खेळला, दोन पॅव्हेलियनमध्ये. रमेश तेंडुलकर कवी, प्राध्यापक. त्यांनाही कौतुक होतं, सचिनदेव बर्मनांचं. पण त्यांनी मुलाचं नाव सचिन ठेवलं, पुढचं देव आणि बर्मन सोडून दिलं. कवीला कळतं कुठे थांबायचं.

(सचिन नाव १९७३ साली तितकंसं रुळलेलं नव्हतं, हे भाच्यानं सांगायला हवं होतं. वेगळेपणा लांबीतच असतो असं कुठे आहे? पण मला बोलायची बंदी होती. आणि त्याच नावाची पोरं नव्वदीत गल्लोगल्ली झाली, म्हणजे वेगळेपणाचीही मुदत असतेच.)

आत्या : वेगळं, वेगळं म्हणतोस. माझ्या रजिस्टरात वेगळी नावं किती होती सांगू? दगडू. धोंडू. केरू. उकिरडा. एक कचरूही होता, गणितात पैकीच्या पैकी. जुन्या पानांवर अशी नावं भरपूर. आधीची पोरं दगावली की पुढच्याला असलं नाव ठेवायचे, मृत्यूची नजर जाऊ नये म्हणून. त्या आईबापांना नाव उठून दिसायला नको होतं. उलट दिसूच नये, म्हणून धडपड. पोर जगलं म्हणजे झालं. आणि मुलींच्या पानावर नकुसा. २०११ साली साताऱ्यात जिल्हा परिषदेनं त्या पोरींना गोळा करून नवी नावं दिली, अडीचशेच्या वर मुली होत्या. मी काय म्हणते, नावानं पोराला वेगळं करायचं ही हौस भरल्या घरची आहे.

भाचा : मान्य. पण आपलं घर भरलेलं आहे ना? पोर जगणार याची खात्री आहे, डॉक्टर आहेत, लस आहे. मग ही हौस का नको? ज्यांना ती परवडत नव्हती त्यांच्यासाठी आपणही दगडूच ठेवायचं का? आणि धोंडूचंच घे. अधिक महिन्यात जन्मलेल्या मुलाला धोंडू म्हणायचे, कारण तो धोंड्याचा महिना. त्याच महिन्याचं पोथीतलं नाव पुरुषोत्तम मास. म्हणजे एकाच महिन्यात जन्मलेल्या दोन पोरांपैकी एक धोंडू आणि दुसरा पुरुषोत्तम. महिना तोच. घरानं काय उचललं एवढाच फरक.

आत्या : धोंडो केशव कर्व्यांना भारतरत्न मिळालं.

भाचा : पुलंनाही काही कमी मिळालं नाही.

(बरोबरी. पण आत्याचा मुद्दा भाच्याला लागला होता, हे मला दिसत होतं. तो पुढे बराच वेळ नखं बघत बसला. मला विचारलं तर दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट सुटत होती. वेगळं नाव ठेवणारा बाप मुलाला गर्दीतून वर काढायला बघतो, पण ते नाव गर्दीनंच घ्यायचं असतं. रिक्षावाल्यानं, वर्गशिक्षिकेनं, दवाखान्यातल्या खिडकीनं. 'विश्वंभर' त्यांना म्हणता येईल की नाही, ही शंका खरं तर आपल्याच लोकांवर अविश्वास दाखवते. ज्या राज्यात पोरं त्र्यंबकेश्वर आणि घृष्णेश्वर सहज म्हणतात, तिथं विश्वंभर अडायचं कारण नाही. अडलंच तर इंग्रजी माध्यमाच्या शाळेत अडेल, आणि तिथं ते अडलं तर थोडं बरंच वाटेल मला.)

इतक्यात सूनबाईंचा फोन आला. भाच्यानं स्पीकरवर टाकला.

सूनबाई : झालं का ठरवून?

भाचा : चाललंय.

सूनबाई : इथं लसीचं कार्ड आलंय. त्यावर काय लिहिलंय सांगू? 'बेबी ऑफ' आणि पुढे माझं नाव. हातातल्या पट्टीवरही तेच होतं. म्हणजे सध्या तरी त्याचं नाव माझंच आहे. तुम्ही दोघं हवं तेवढं भांडा, आम्हाला घाई नाही.

आत्या : तुला काय हवंय गं?

सूनबाई : मला विश्वंभर आवडलंय. पण मी त्याला विशू म्हणणार नाही. आमच्या माहेरच्या मांजराचं नाव विशू होतं.

भाचा : मग विश्व म्हण.

सूनबाई : विश्वही नको. खूप मोठं वाटतं एवढ्याशा पोराला. मी भर म्हणेन.

आत्या : भर? हे काय नाव झालं?

सूनबाई : बादली भर, पाणी भर, फॉर्म भर. कामाचं नाव आहे, आत्या. लहानही आहे.

(आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला. भाच्याला मात्र हा विनोद बिलकूल रुचला नाही. चार अक्षरं त्यानं जिवापाड जपली आणि घरच्या बाईनं शेवटची दोन उचलली. मला वाटतं, मोठ्या नावाचा खरा फायदा हाच. कोण कुठून तोडेल याचा भरवसा नसतो.)

आत्या : हे बघ, माझं मत बदललेलं नाही. लहान नाव बरं. पण नगरपालिकेत फॉर्म मी भरणार. तू भरलास तर चुकवशील, आणि पुढे दुरुस्तीला माझ्यासारख्याच कुणाच्या तरी टेबलापुढे उभा राहशील. नाव मराठीत सरळ आहे. इंग्रजीत आताच्या आता ठरवा, दोघांनी मिळून, म्हणजे आधारला, बँकेला, शाळेला एकच जाईल. व्ही-आय-एस-एच. पुढे व्ही की डब्ल्यू?

भाचा : व्ही.

सूनबाई : डब्ल्यू.